अमेरिकी कंपन्यांची भाषा शिकताना: शब्दांची यादी बाजूला ठेवा, अहवाल उघडा

मी चिपळूणची. बी.कॉम. तिथेच झालं आणि नंतर पुण्यात, अमेरिकी कंपन्यांच्या हिशेबाचं काम करणाऱ्या एका ऑफिसात लागले. पहिल्याच दिवशी हातात चार पानी शब्दसूची मिळाली, इंग्रजी वर्णमालेनुसार लावलेली. ती मी इमानदारीने पाठ केली. पंधरा दिवसांत निम्मे शब्द डोक्यातून गेले आणि जे राहिले ते भलत्याच ठिकाणी वापरले.

तिसऱ्या आठवड्यात मी क्लायंटला एक टिपण पाठवलं. त्यात लिहिलं होतं की या तिमाहीत कंपनीचा टर्नओव्हर बराच वाढलाय. आपल्याकडे टर्नओव्हर म्हणजे उलाढाल, म्हणजे ही आनंदाची बातमी. तिकडच्या बाईंनी ते वाचलं आणि थेट मनुष्यबळ विभागाला विचारलं, आपली एवढी माणसं का सोडून चाललीत? अमेरिकेत नुसतं टर्नओव्हर म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी येतं ते नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण. गैरसमज निस्तरायला दोन दिवस गेले. त्यानंतर आमच्या टीममधल्या एका वरिष्ठ काकांनी मला जवळ बसवून फोर्डच्या कारखान्याची १९१३ सालची हकीकत सांगितली. तो शब्द मी पुन्हा कधी चुकले नाही.

तेव्हापासून मी शब्द पाठ करणं सोडलं. हे शब्द कुणीतरी टेबलावर बसून घडवलेले नाहीत. प्रत्येकामागे एखादं भांडण, एखादी बुडालेली कंपनी, एखादा कायदा आहे. ती गोष्ट कळली की शब्द आपोआप जागेवर बसतो. अमेरिकी क्लायंटचं काम करणाऱ्या, तिकडे एम.बी.ए.ला निघालेल्या किंवा तिथल्या शेअर बाजारात पैसे गुंतवू पाहणाऱ्या प्रत्येकाने याच वाटेने जावं असं मला मनापासून वाटतं. रोज अर्धा तास दिला तर दोन महिने पुरतात.

हाताशी काय हवं

- संगणक. टेन-के, म्हणजे अमेरिकी कंपनीचा सरकारदरबारी दाखल होणारा वार्षिक अहवाल, मोबाइलवर वाचू नका. तक्ते तुटतात आणि रकाने एकमेकांत घुसतात.
- एडगर या संकेतस्थळाची ओळख. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचं, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेचं, हे कागदपत्रांचं भांडार आहे. सगळं फुकट आहे. टेन-के देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती जागा चुकीची समजा.
- एकाच कंपनीचे लागोपाठच्या दोन वर्षांचे टेन-के.
- तुलनेसाठी तुमच्या ओळखीच्या एखाद्या भारतीय कंपनीचा वार्षिक अहवाल.
- राज्यांची नावं असलेला अमेरिकेचा नकाशा. न्यू जर्सी आणि डेलावेअर कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं.
- एक जाड वही. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर घटना आणि साल.

पायरी १: आकडे आणि तारखा आधी पक्क्या करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. टेन-केमधल्या तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'आकडे मिलियनमध्ये' अशी ओळ असते. ती आधी वाचा. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. सोपी युक्ती अशी की मिलियनमधल्या आकड्याला दहाने भागलं की कोटी मिळतात. ३१ जानेवारी २०२४ ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टचं एकूण उत्पन्न ६,४८,१२५ मिलियन डॉलर होतं. म्हणजे ६४,८१२.५ कोटी डॉलर. तुम्हाला अहवालात मात्र पहिला स्वल्पविराम तीन आकड्यांनंतर दिसेल, कारण ते हजार-हजारांनी गट पाडतात. सुरुवातीला असे दहा आकडे हाताने वहीत उतरवा.

कंसातला आकडा उणे असतो. एका तक्त्यात मी कंसातला तोटा नफा समजून बेरजेत धरला होता आणि ताळा का जुळत नाही हे शोधत पहाटेचे तीन वाजवले होते.

आता वर्ष. आपलं आर्थिक वर्ष सगळ्यांसाठी एप्रिल ते मार्च. तिथे कंपनी आपलं वर्ष स्वतः ठरवते. कोका-कोलाचं ३१ डिसेंबरला संपतं, ॲपलचं सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, वॉलमार्टचं ३१ जानेवारीला. नाताळची विक्री आणि त्यानंतर परत येणारा माल हे दोन्ही आटोपल्यावर हिशेब बंद करणं दुकानदारीला सोयीचं पडतं. त्यामुळे वॉलमार्ट ज्याला 'फिस्कल २०२४' म्हणते त्यातले अकरा महिने २०२३ चे असतात. दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी वर्ष कधी संपलं ते पहा. आणि तारीख लिहिताना तिथे महिना आधी येतो: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल नव्हे, चार मार्च.

पायरी २: ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपासून सावध राहा

अनोळखी शब्द आपण शोधतो, ओळखीचा वाटणारा शब्द तसाच पुढे जाऊ देतो. म्हणून जास्त चुका ओळखीच्याच शब्दांत होतात. टर्नओव्हरचं सांगितलंच. विक्रीसाठी 'नेट सेल्स' किंवा 'रेव्हेन्यू' म्हणा.

'स्टॉक' म्हणजे आपल्याकडे गोदामातला माल. क्लोजिंग स्टॉक काढण्यातच आपली बी.कॉम.ची तीन वर्षं जातात. तिकडे स्टॉक म्हणजे शेअर आणि माल म्हणजे इन्व्हेंटरी. 'ट्रेझरी स्टॉक' म्हणजे कंपनीने बाजारातून परत विकत घेतलेले स्वतःचेच शेअर.

'पब्लिक कंपनी' ऐकून आपल्या घरच्यांना सरकारी कंपनी वाटते. तिकडे जिचे शेअर जनतेला विकत घेता येतात ती पब्लिक. आणि 'ट्रस्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवस्थान किंवा शिक्षणसंस्था येते. अमेरिकी उद्योगांच्या इतिहासात तो शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला गेला. ते पायरी ४ मध्ये.

पायरी ३: सुरुवात रेल्वेपासून करा

पुष्कळ जण सुरुवात १७९२ पासून करतात. त्या वर्षी १७ मे रोजी २४ दलालांनी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका झाडाखाली दलालीच्या करारावर सह्या केल्या आणि त्यातून पुढे न्यूयॉर्क शेअर बाजार उभा राहिला. गोष्ट छान आहे, पण तिथून फार शब्द निघत नाहीत. माझा सल्ला, थेट रेल्वेवर या.

सूतगिरणी एखादं कुटुंब चालवू शकतं. शेकडो मैलांच्या रेल्वेला मात्र अनोळखी माणसांचा पैसा लागतो आणि पगारी व्यवस्थापक लागतात. १८६० पर्यंत अमेरिकेत सुमारे ३०,००० मैल लोहमार्ग झाले होते. त्यांचा पैसा रोखे विकून उभा राहिला, त्यातला बराच युरोपातून आला. रोखेधारक म्हणजे सावकार, त्याला ठरलेलं व्याज. शेअरधारक म्हणजे मालक, उरेल ते त्याचं. बॉण्ड आणि स्टॉक यांतला हा फरक इथेच वहीत लिहा.

न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे अधीक्षक डॅनिएल मॅकॅलम यांनी १८५५ मध्ये आपल्या कंपनीत कोण कुणाला उत्तरदायी आहे याचा एक तक्ता काढून घेतला. तो झाडासारखा दिसतो: मुळाशी संचालक मंडळ, फांद्यांवर विभाग, पानांच्या जागी कर्मचारी. आज प्रत्येक ऑफिसात दिसणाऱ्या ऑर्ग चार्टचा हा पूर्वज. आपल्या तक्त्यात साहेब वर असतो, मॅकॅलमच्या झाडात तो बुंध्याशी होता. हे चित्र एकदा शोधून नीट बघा, बघण्यासारखं आहे.

याच ईरी रेल्वेवरून १८६८ मध्ये मोठा संग्राम झाला. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट कंपनी ताब्यात घेण्यासाठी बाजारातून शेअर गोळा करत होते. कंपनीच्या आत बसलेले डॅनिएल ड्र्यू, जे गूल्ड आणि जिम फिस्क हे तिघे रोख्यांचे शेअर करून बाजारात ओतत होते. व्हँडरबिल्ट जितके घेत तितके नवे छापले जात. अटकेची वेळ आली तेव्हा ही मंडळी रोकड घेऊन हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत जाऊन राहिली, कारण न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा हुकूम दुसऱ्या राज्यात चालत नव्हता.

अशा शेअरला तिकडे 'पाणी भरलेला स्टॉक' म्हणतात. ड्र्यू पूर्वी गुरांचे व्यापारी होते. विक्रीआधी गुरांना मीठ चारून भरपूर पाणी पाजायचं, म्हणजे वजन वाढतं, अशी त्यांची ख्याती सांगतात. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, दुधात पाणी घालणं आपण ओळखतो. आता कोणत्याही टेन-केमधलं नफा-तोटा पत्रक उघडा. खाली प्रति शेअर कमाईच्या दोन ओळी दिसतील, एक 'बेसिक' आणि एक 'डायल्यूटेड'. कंपनीचा नफा १,००० डॉलर आणि शेअर १०० असतील तर प्रति शेअर १० डॉलर. पण कर्मचाऱ्यांना दिलेल्या हक्कांमधून आणखी २५ शेअर निघू शकत असतील तर तीच कमाई ८ डॉलर होते. हे पाणी किती, ते आता कंपनीला स्वतःहून सांगावं लागतं. वाचताना नेहमी डायल्यूटेड आकडा धरा.

पायरी ४: ट्रस्ट, होल्डिंग कंपनी आणि डेलावेअर

या पायरीवर एक आठवडा तरी थांबा. अमेरिकी कंपनी कायद्याचा निम्मा शब्दसंग्रह इथे आहे.

जॉन डी. रॉकफेलर यांनी १८७० मध्ये ओहायो राज्यात स्टँडर्ड ऑइल स्थापन केली. दहा वर्षांत देशातलं जवळपास ९० टक्के तेलशुद्धीकरण त्यांच्या गटाच्या हाती आलं. अडचण कायद्याची होती. त्या काळी एका राज्यातल्या कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या कंपनीचे शेअर सहजासहजी बाळगता येत नसत. १८८२ मध्ये त्यांचे वकील सॅम्युएल डॉड यांनी तोड काढली. सुमारे ४० कंपन्यांच्या भागधारकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली केले आणि बदल्यात प्रमाणपत्रं घेतली. नऊ माणसं बसून सगळा धंदा हाकू लागली. साखर, दारू, शिसं अशा धंद्यांतही हाच मार्ग निघाला आणि ट्रस्ट म्हणजे मक्तेदारी असा अर्थ लोकांच्या तोंडी बसला.

त्याविरुद्ध १८९० मध्ये शर्मन कायदा आला. म्हणून मक्तेदारीविरोधी कायद्याला अमेरिकेत आजही 'अँटी-ट्रस्ट' म्हणतात. आपल्या ट्रस्टच्या कायद्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे त्याला स्पर्धा कायदा म्हणतात. २०२४ मध्ये गूगलविरुद्ध शोधसेवेच्या खटल्यात निकाल लागला तो याच १८९० च्या कायद्याखाली.

न्यू जर्सीने त्याच्या वर्षभर आधी, १८८९ मध्ये, कंपन्यांना दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगायची मुभा दिली होती. त्यातून ट्रस्टची जागा होल्डिंग कंपनीने घेतली. ओहायोच्या न्यायालयाने ट्रस्ट मोडायला सांगितल्यावर १८९९ मध्ये स्टँडर्ड ऑइल न्यू जर्सीच्या होल्डिंग कंपनीखाली एकत्र आली. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी अँड्र्यू कार्नेगींचे पोलाद कारखाने ४८ कोटी डॉलरना घेऊन यू.एस. स्टील उभी केली. भांडवल सुमारे १४० कोटी डॉलर, जगातली पहिली बिलियन डॉलरची कंपनी. तीही न्यू जर्सीचीच. अखेर १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल मोडायला सांगितली आणि तिच्या ३४ कंपन्या झाल्या. न्यू जर्सीची पुढे एक्सॉन झाली, न्यूयॉर्कची मोबिल. १९९९ मध्ये त्या दोघी पुन्हा एक झाल्या.

मग डेलावेअर कुठून आलं? १९१३ मध्ये वुड्रो विल्सन यांनी न्यू जर्सीचं गव्हर्नरपद सोडता सोडता तिथले नियम कडक केले. शेजारच्या चिमुकल्या डेलावेअरने १८९९ पासूनच सैल कायदा करून ठेवला होता. कंपन्या तिकडे वळल्या. आज अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक कागदोपत्री डेलावेअरच्या आहेत. डेलावेअरमध्ये मुख्यतः कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायालय आणि शंभरावर वर्षांचे निकाल आहेत, हे वकिलांना महत्त्वाचं वाटतं.

इथला सापळा असा: टेन-केच्या पहिल्या पानावर 'नोंदणीचं राज्य' आणि 'मुख्य कार्यालय' असे दोन वेगळे रकाने असतात. कोका-कोला अटलांटाची, पण नोंदणी डेलावेअरची. कामाच्या कागदांत या दोहोंची अदलाबदल करू नका. कंपनीच्या सनदेचे नियम नोंदणीच्या राज्याचे लागतात.

पायरी ५: फोर्ड

१९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात फोर्डने सरकती जुळणी सुरू केली. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम सुमारे दीड तासावर आलं. पण दिवसभर एकच बोल्ट पिळत राहणं माणसांना सोसेना. त्या वर्षी कामगारांचा टर्नओव्हर ३७० टक्के होता. १४,००० च्या आसपास माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षात ५०,००० हून अधिक माणसं भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे तेव्हाच्या मजुरीच्या दुपटीच्या आसपास. ते सरसकट नव्हते. बराचसा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि कामगाराचं घर, राहणी तपासायला कंपनीची माणसं जात. काकांनी मला सांगितलेली हकीकत हीच.

डिव्हिडंडचा शब्दही इथेच शिकून घ्या. फोर्डना नफा कारखान्यात घालायचा होता, भागीदार डॉज बंधूंना तो हातात हवा होता. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १.९ कोटी डॉलरचा विशेष लाभांश वाटायला लावला. धंदा भागधारकांसाठी की समाजासाठी, हा वाद आजही सुरू झाला की वकील याच खटल्याचं नाव काढतात. अमेरिकेत लाभांश प्रति शेअर इतके सेंट असा सांगतात आणि बहुधा दर तिमाहीला देतात. आपल्याकडे दर्शनी किमतीच्या टक्क्यांत सांगायची सवय आहे. तिकडे दर्शनी किमतीला आता काही अर्थ उरलेला नाही. ॲपलच्या शेअरची दर्शनी किंमत ०.००००१ डॉलर आहे.

फोर्डचे शेअर जनतेला मिळाले ते थेट जानेवारी १९५६ मध्ये. तरी कुटुंबाकडच्या 'क्लास बी' शेअरना ४० टक्के मतं आहेत, त्यांचा मालकीतला वाटा मात्र अगदी थोडा. टेन-के वाचताना शेअरचे वर्ग किती आणि मतं कुणाची किती हे पाहायची सवय लावा.

पायरी ६: १९२९, म्हणजे हे कागद जन्मले कसे

'मार्जिन' म्हणजे उसन्या पैशावर सौदा करताना आपण स्वतः ठेवायची रक्कम. १९२० च्या दशकात ती पुष्कळदा दहा टक्के एवढीच असे. शंभराचा शेअर दहा डॉलर देऊन घ्यायचा, उरलेलं दलालाचं कर्ज. भाव दहा टक्के उतरला की आपले पैसे संपले आणि दलाल शेअर विकून टाकणार, त्याने भाव आणखी उतरणार. ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर आला. जुनी पातळी गाठायला १९५४ उजाडलं.

मुंबईने हे त्याआधीच भोगलं होतं, तेही अमेरिकेच्याच पायी. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून बॅकबे भरणीच्या कंपन्यांचे शेअर गगनाला भिडले. युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा माणूस त्यात बुडाला. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही.

अमेरिकेने १९२९ नंतर जो उपाय केला तो आपल्या कामाचा. १९३३ च्या कायद्याने नवे शेअर विकताना खरी माहिती देणं सक्तीचं केलं. १९३४ च्या कायद्याने सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आलं आणि ठरावीक काळाने अहवाल देणं बंधनकारक झालं. कंपनी चांगली की वाईट हे सरकार सांगत नाही. कंपनीने सगळं उघड सांगावं आणि वाचणाऱ्याने ठरवावं, असं हे तत्त्व आहे. त्यामुळे वाचण्याचं काम तुमचं आहे.

वार्षिक तो टेन-के, तिमाही तो टेन-क्यू, मध्येच काही मोठं घडलं तर एट-के, आणि वार्षिक सभेपूर्वी भागधारकांना मतदानासाठी पाठवायचं निवेदन तो प्रॉक्सी. साहेबांचे पगार हवे असतील तर ते प्रॉक्सीत बघा, टेन-केमध्ये बहुधा नुसता त्याचा हवाला असतो.

पायरी ७: पहिला टेन-के हातात घ्या

पहिल्यांदा बँक किंवा विमा कंपनी घेऊ नका, त्यांच्या पत्रकांची रचनाच वेगळी. माझी शिफारस कोका-कोलाची. माल सगळ्यांना माहीत, वर्ष डिसेंबरला संपणारं.

एडगरवर शोधताना एक काळजी घ्या. कोका-कोला नावाच्या एकाहून अधिक कंपन्या आहेत. तुम्हाला हवी ती अटलांटाची. 'कन्सॉलिडेटेड' असा शब्द जोडलेली कंपनी शार्लटची, बाटल्या भरणारी. दोन वेगळ्या का? १८९९ मध्ये चॅटनूगाच्या दोन वकिलांनी बाटलीत भरून विकण्याचे हक्क एका डॉलरच्या करारावर मिळवले. मूळ कंपनी अर्क विकत राहिली, बाटल्या भरणारे स्वतंत्र राहिले. आजही अटलांटाच्या कंपनीचा नफा मुख्यतः त्या अर्कावर आणि नावावर उभा आहे. हे माहीत असलं की तिचा नफ्याचा टक्का एवढा जास्त का, हे पहिल्याच वाचनात उलगडतं.

वाचायचा माझा क्रम असा. आधी पहिलं पान: राज्य, वर्षअखेर, शेअरची संख्या. मग आयटम १, धंदा काय आहे. मग आयटम ७, ज्यात व्यवस्थापन स्वतःच्या शब्दांत सांगतं की आकडे का बदलले. मग आयटम ८ मधली पत्रकं, त्यातही आधी कॅश फ्लो. नफा दिसतोय पण रोकड येत नाही, असं असेल तर लगेच कारण शोधा. ताळेबंदात रोख रक्कम सर्वांत वर असते. आपल्याकडच्या नमुन्यात स्थिर मालमत्ता आधी येते, म्हणून पहिल्यांदा उलटं वाटेल.

जोखमींचं प्रकरण, आयटम १-ए, शेवटी वाचा. ते वकिलांनी लिहिलेलं असतं. भूकंपापासून सायबर हल्ल्यापर्यंत सगळं त्यात असतं, वाचून घाबरायला होतं. त्यासाठीच मी दोन वर्षांचे अहवाल घ्यायला सांगितलं. दोन्ही शेजारी ठेवा आणि यंदा नवा आलेला परिच्छेद शोधा. कंपनीला खरोखर कशाची चिंता लागली आहे ते तिथे कळतं.

'ॲडजस्टेड' किंवा 'नॉन-गॅप' असं लेबल असलेला नफा म्हणजे कंपनीने काही खर्च वगळून दाखवलेला नफा. गॅप म्हणजे तिकडचे हिशेबाचे अधिकृत नियम. तो चूक असेलच असं नाही, पण अधिकृत नफ्याशी त्याचा मेळ घालणारा तक्ता शेजारीच द्यावा लागतो. तो पाहिल्याशिवाय आकडा कुठेही वापरू नका. आणि फोटोंनी सजवलेली चकचकीत वार्षिक पुस्तिका मिळाली तरी कामाला टेन-केच घ्या.

पायरी ८: तळटिपा, आणि आमच्या दारातलं एन्रॉन

माझ्या लहानपणी घरात 'एन्रॉन' म्हणजे वीज. गुहागरच्या बाजूला अंजनवेल-वेलदूरला दाभोळचा प्रकल्प, त्यावरून मोर्चे, विजेच्या दराचे वाद. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंदही पडली. ही कंपनी ह्यूस्टनची आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जाणारी, हे मला पुण्यात आल्यावर कळलं.

ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ९० डॉलरच्या आसपास होता. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लांब मुदतीच्या करारांतून पुढे कधीतरी मिळेल असा नफा ती आधीच खात्यात धरत होती. याला 'मार्क-टू-मार्केट' म्हणतात. आणि तोटा, कर्ज अशा भागीदारी संस्थांकडे वळवत होती ज्या स्वतःच्या ताळेबंदात दिसत नसत. हे 'ऑफ-बॅलन्स शीट'. नोव्हेंबर २००१ मध्ये तिने मागच्या वर्षांचा नफा ५८.६ कोटी डॉलरनी कमी करून दाखवला.

एडगरवर जाऊन तिचा २००० सालचा टेन-के उघडा आणि संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची तळटीप काढा. आपल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती या भागीदाऱ्यांची सूत्रं आहेत, असं तिथे लिहिलेलं आहे. नाव नाही, भाषा अवघड, पण लिहिलेलं आहे. मी ती टीप तीनदा वाचली तेव्हा मला उमगली. आमच्या गावाकडे एवढी वर्षं ज्या कंपनीवरून रान पेटलं होतं, तिची खरी परिस्थिती अशी एका टिपेत सार्वजनिक पडून होती, हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनसमोर बसून राहिले. तेव्हापासून मी तळटिपा सोडत नाही. तुम्हीही 'रिलेटेड पार्टी' (संबंधित व्यक्ती) आणि 'कमिटमेंट्स अँड कंटिन्जन्सीज' (दिलेली वचनं आणि पुढे अंगावर येऊ शकणारी देणी) या दोन टिपा प्रत्येक कंपनीच्या वाचाच.

जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. ऑफिसात सगळे त्याला नुसतं 'सॉक्स' म्हणतात. मुख्य कार्यकारी आणि वित्त अधिकारी यांनी अहवाल खरा असल्याची सही स्वतः करायची, आणि अंतर्गत नियंत्रणं चोख आहेत का ते कंपनीने तपासून सांगायचं. ते आयटम ९-ए मध्ये असतं. तिथे 'मटेरियल वीकनेस', म्हणजे नियंत्रणातली गंभीर उणीव, हे शब्द दिसले तर वरिष्ठांना लगेच दाखवा.

पायरी ९: चॅप्टर ११

आपल्याकडे दिवाळं म्हणजे शटर खाली. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात वेगवेगळी प्रकरणं, म्हणजे चॅप्टर, आहेत. शटर खाली म्हणजे चॅप्टर ७. चॅप्टर ११ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली धंदा चालू ठेवून कर्जाची फेररचना होते. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी अर्ज केला आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेरही आली. कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये आत गेली, सप्टेंबर २०१३ मध्ये बाहेर आली. कंपनी वाचते, पण जुन्या भागधारकाच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. सावकार आधी, मालक शेवटी, हे पायरी ३ मध्ये रोखे आणि शेअरबद्दल लिहून ठेवलंत तेच. म्हणून नाव ओळखीचं आहे आणि शेअर स्वस्त मिळतोय एवढ्यावर चॅप्टर ११ मधल्या कंपनीचा शेअर घेऊ नका.

डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ६० दिवसांत टेन-के द्यावा लागतो, म्हणजे फेब्रुवारीत ते एकामागून एक येऊ लागतात. त्याआधी वहीची डावी पानं भरून ठेवा, आणि नवा अहवाल आला की गेल्या वर्षीचा शेजारी उघडून पायरी ७ मधल्या क्रमाने वाचायला बसा.